नऊ टीम, एक गव्हाण

प्रश्न संभाजीनगरच्या एका टेक लीडचा आहे. थोडक्यात असा: यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन ग्राहकासाठी एकच मोठी प्रणाली उभी राहतेय. सुटे भाग, सर्व्हिस, वॉरंटी, बिलिंग, सगळं तिच्यात. नऊ टीम, ८४ माणसं. चार टीम चिकलठाण्याला, दोन पुण्याला, दोन जर्मनीत आणि एक टीम लातूर, नांदेड, परभणीत आपापल्या घरून काम करणारी. प्रत्येक टीम स्क्रम, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करायची पद्धत, नीट पाळते, तरी रिलीज, म्हणजे ग्राहकाला नवी आवृत्ती देणं, दर वेळी दीड-दोन महिने लांबते. आता ग्राहकाने स्केल्ड अ‍ॅजाइल फ्रेमवर्क, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'सेफ' म्हणतो, ती बऱ्याच टीमांना एकत्र चालवायची पद्धत आणायचं ठरवलंय. सगळ्या टीमांनी मिळून पुढच्या तिमाहीचं काम ठरवायचं असं पहिलं प्लॅनिंग १६ आणि १७ सप्टेंबरला. 'हे आपल्याकडे चालतं का? आणि चालवायचं तर सुरुवात कुठून करू?'

चालतं. मी या धंद्यात २३ वर्षं आहे. अशीच सात टीमांची मोट एकदा मीही बांधलीय, आमचाही ग्राहक युरोपातलाच होता, आणि पहिले सहा महिने आम्ही सपशेल वाया घालवले. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं आमच्या चुकांतूनच आलंय असं समजा.

आधी एक जुनी गोष्ट. माझे वडील बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. हंगामात त्यांचा डबा घेऊन मी जायचो. एका वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या भरपूर आल्या, तोड जोरात चालली. शेतकी खात्याच्या फळ्यावर रोज आकडा चढत होता: आज इतका ऊस तुटला, काल इतका. मुकादम खूश, तोडीवर लक्ष ठेवणारा चिटबॉय खूश. पण गव्हाण, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायची जागा, एकच, आणि तिची ताशी ताकद ठरलेली. तोडलेला ऊस यार्डात दोन-दोन दिवस वाळत उभा. वजन घटतंय, साखरेचा उतारा घटतोय, गाडीवान बैलांना वैरण शोधत फिरतोय. वडील काट्यावरून रांगेकडे बघून म्हणायचे, "तुटला म्हंजी गाळला न्हाई."

तुमच्या नऊ टीम म्हणजे नऊ टोळ्या. प्रत्येकीचा बर्न-डाउन चार्ट, म्हणजे उरलेल्या कामाचा उतरता आलेख, सुंदर असणार, स्टोऱ्या, म्हणजे कामाचे छोटे तुकडे, 'डन'च्या रकान्यात जात असणार. पण लिहिलेला कोड म्हणजे तुटलेला ऊस. तो बाकीच्या आठ टीमांच्या कोडबरोबर एकत्र चालला, तपासला गेला, ग्राहकाला वापरता आला की गाळला. रिलीज लांबते ती यार्डात, फडात नाही. म्हणून पहिलं काम हे, की टोळ्या वाढवायचा किंवा पळवायचा विचार सोडा आणि गव्हाण कुठे अडते ते शोधा.

आकडेमोड करूनच बघा. स्क्रम मुळात छोट्या टीमसाठी आहे. २०२० च्या स्क्रम गाइडमध्येही टीम साधारण १० किंवा त्याहून कमी माणसांची धरलीय. नऊ माणसांत कोणी कोणाशी बोलायचं याच्या जोड्या ३६ होतात. ८४ माणसांत त्या ३,४८६ होतात. २००१ साली अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जणांनी बसून अ‍ॅजाइलचा जाहीरनामा, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींमागचा विचार, लिहिला, तेव्हा त्यांच्या १२ तत्त्वांपैकी एक होतं की माहिती पोचवायचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणं. लातूर आणि जर्मनीतल्या माणसाला समोरासमोर कसं बसवणार? त्यामुळे मोठ्या, विखुरलेल्या प्रकल्पात दोनच रस्ते उरतात. एक तर इतक्या जोड्यांना बोलतं ठेवायला बैठका वाढवत न्यायच्या, नाहीतर इतकं बोलावं लागूच नये अशी कामाची वाटणी करायची. सेफचा बराचसा पसारा पहिल्या रस्त्याचा आहे. खरा फायदा दुसऱ्या रस्त्यावर आहे, आणि गंमत म्हणजे तो रस्ता दिसतो सेफच्याच प्लॅनिंगमध्ये.

आमच्या पहिल्या प्लॅनिंगला आम्ही भिंतीवर मोठा बोर्ड लावला. आडव्या ओळी टीमांच्या, उभे रकाने स्प्रिंटचे, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांचे. एका टीमचं काम दुसरीवर अडकलेलं असलं की दोन चिठ्ठ्यांमध्ये लाल लोकरीचा दोरा. औरंगपुऱ्यातून एक गुंडी आणली होती, ती पहिल्या दिवशी दुपारीच संपली आणि ऑफिसबॉयला पुन्हा पिटाळावं लागलं. दिवसअखेर ५७ दोरे. कॅमेरा बोर्डावर धरला तेव्हा पलीकडून युरोपातला आर्किटेक्ट म्हणाला, तुमच्या बोर्डाला जखम झाल्यासारखी दिसतेय. आम्ही हसलो. मग मोजलं. ५७ पैकी ३१ दोरे एकाच टीमकडे जात होते, किंमत ठरवणाऱ्या टीमकडे. सहा माणसांची टीम. वॉरंटीला किंमत लागते, सर्व्हिसला लागते, बिलिंगला तर लागतेच. ही टीम म्हणजे आमची गव्हाण.

आणि इथे आम्ही पहिली मोठी चूक केली. आम्ही त्या दोऱ्यांचं 'व्यवस्थापन' सुरू केलं. डिपेंडन्सीची एक्सेल शीट, आठवड्यातून दोन समन्वय बैठका, लाल-पिवळे-हिरवे ठिपके, शीट अद्ययावत ठेवायला एक वेगळा माणूस. तीन महिन्यांनी दोरे किती? ५४. किंमतवाल्या सहा जणांचा मात्र निम्मा दिवस 'आमचं कधी होणार' याची उत्तरं देण्यात जायला लागला, म्हणजे गव्हाण आणखी मंद. आम्हीच केली.

यातून बाहेर आलो ते एका जुन्या निरीक्षणाला शरण जाऊन. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की संस्था जी प्रणाली बांधते, तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. आम्ही घटकांवर टीम बसवल्या होत्या: किंमतीची टीम, डेटाबेसची टीम, स्क्रीनची टीम. मग ग्राहकाच्या एका साध्या मागणीला चार टीमांचे दरवाजे ठोठावावे लागणारच. आम्ही किंमतवाल्यांच्या कोडमध्ये बसून बघितलं. वॉरंटीचे जे किंमत-नियम होते ते वॉरंटीशिवाय कोणी वापरतच नव्हतं. ते नियम, त्यांच्या चाचण्या आणि त्या कोडची माहिती असलेला एक माणूस वॉरंटी टीमकडे गेला. सर्व्हिसचं तसंच. उरलेला सामायिक भाग एका स्थिर एपीआयमागे, म्हणजे बाकीच्या कोडने वापरायच्या ठरलेल्या दारामागे, बंद केला आणि ठरवलं की त्याचं जुनं रूप दोन रिलीज तरी मोडायचं नाही. दोन तिमाहीनंतरच्या प्लॅनिंगला लोकरीची अर्धी गुंडी शिल्लक राहिली. समन्वय बैठक कोणी रद्द केली नाही. लोक यायचेच बंद झाले.

म्हणून तुमच्या पहिल्या प्लॅनिंगमधून 'पक्का प्लॅन' निघेल ही अपेक्षा ठेवू नका. निघणार नाही. दोऱ्यांचा नकाशा मात्र निघेल, आणि तो लाखमोलाचा आहे. त्यातले सगळ्यात जाड तीन गुच्छ धरा आणि विचारा: हा दोरा सांभाळायचा की कापायचा? कापता येत असेल तर पुढच्या तीन महिन्यांत त्यासाठी खरी माणसं आणि खरे दिवस द्या, 'जमेल तसं' नको.

दुसरा अडथळा रोजच्या जोडणीचा. आमच्या टीम दोन-दोन आठवडे आपापल्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, काम करायच्या आणि स्प्रिंटच्या शेवटी मर्ज करायच्या, म्हणजे सगळं एकत्र जोडायच्या. त्या दिवसांना आमच्याकडे नावच पडलं होतं, 'मर्जची अमावस्या'. एकदा स्टँड-अपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, लातूरच्या आमच्या एका टेस्टरने तीन दिवस लागोपाठ इंग्रजीत सांगितलं, 'टेस्टिंग इन प्रोग्रेस'. चौथ्या दिवशी मी सहज फोन केला. ती म्हणाली, "सर, एपीआयच आलेला नाही अजून. मी कशाचं टेस्टिंग करायलेय, ते मलाच माहीत नाही." एपीआय लिहून झाला होता, पुण्याच्या टीमच्या ब्रँचवर. पुणेकरांच्या बोर्डावर तो 'डन' होता. यार्डात उभा होता.

यावर उपाय कुठल्याच फ्रेमवर्कच्या पोस्टरवर ठळक नसतो, कारण तो बैठकीचा नसून इंजिनिअरिंगचा आहे. प्रत्येकाने रोज, निदान एकदा, मुख्य ब्रँचमध्ये कोड आणायचा. अर्धवट काम असेल तर ते फीचर फ्लॅगमागे, म्हणजे कोड आत पण खटका बंद. दोन सेवांमध्ये काय देणं-घेणं ठरलंय ते कॉन्ट्रॅक्ट टेस्टमध्ये लिहायचं, म्हणजे देणाऱ्याने काही मोडलं तर त्याचाच बिल्ड, म्हणजे कोड जोडून तपासायची आपोआप चालणारी प्रक्रिया, त्याच क्षणी लाल होतो, घेणाऱ्याला तीन आठवड्यांनी कळत नाही. हे ऐकायला सोपं आहे. आमचा बिल्ड तेव्हा पावणेदोन तासांचा होता, आणि पावणेदोन तासांचा बिल्ड कोणी रोज चालवत नाही. तो २० मिनिटांखाली आणायला दोन चांगली माणसं सात आठवडे बसली. चाचण्या समांतर चालवल्या, नेहमी लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे बाहेरच्या तयार कोडची, प्रत युरोपातल्या सर्व्हरऐवजी मुंबईत ठेवली. व्यवस्थापनाला ते सात आठवडे 'काहीच फीचर नाही' म्हणून टोचले. पण घरून काम करणाऱ्यांसाठी हाच फरक जमीन-अस्मानाचा ठरला. अंबाजोगाईच्या लाइनवरून सगळा पसारा समुद्रापार खेचायचा, मध्येच वीज गेली, राउटर इन्व्हर्टरवर चालला पण टॉवर बसला की पुन्हा पहिल्यापासून. ज्याने हे भोगलंय त्याला बिल्डची मिनिटं समजावून सांगावी लागत नाहीत.

आणि दर दोन आठवड्यांनी सिस्टिम डेमो, म्हणजे सगळ्या टीमांचं काम एकत्र चालवून दाखवणं. तोही एकाच सामायिक सर्व्हरवर, मुख्य ब्रँचवरून. स्वतःच्या लॅपटॉपवरून दाखवायचं नाही, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तर मुळीच नाही. आमच्या पहिल्या खऱ्या डेमोला सातपैकी चार टीमांकडे दाखवायला काही नव्हतं. खोलीत शांतता पसरली. ती शांतता मला आजही मोलाची वाटते, कारण तोवरचे सगळे रिपोर्ट हिरवे होते. सेफमधून एकच गोष्ट ठेवायची मुभा मिळाली तर मी हा डेमो ठेवीन.

आता घड्याळ. सेफचं नेहमीचं प्लॅनिंग सलग दोन दिवसांचं, सगळे एका छताखाली. तुम्हाला ते तसं जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही करू नका. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे दोन्हीकडे माणसं जागी आणि शुद्धीवर असतील अशी वेळ आपल्या दुपारी एक-दीडपासून सहा-साडेसहापर्यंतची. आम्ही प्लॅनिंग चार दुपारींत पसरलं. सकाळी प्रत्येक टीम आपापलं काम वाटून घ्यायची आणि दुपारी फक्त जोडणीचं बोलणं. सुरुवातीला ग्राहकाचा सल्लागार नाराज होता, पण नंतर त्यानेच कबूल केलं की रात्रीच्या झोपेनंतर माणसं जास्त खरे अंदाज देतात.

घड्याळाचा एक बारीक काटा मात्र सगळ्यांना टोचतो, तो आधीच सांगतो. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, आपलं बदलत नाही. आमची टीमांच्या प्रतिनिधींची बैठक त्यांच्या दुपारी एकला होती, म्हणजे आपल्या साडेचारला. ऑक्टोबर संपला आणि ती आपोआप साडेपाचला गेली. कंपनीची बस सुटायची सव्वासहाला. सोमवारी बैठक निम्मी झाली असताना एकेक चौकोन काळा व्हायला लागला. पलीकडच्यांना वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं, बस चालली होती. वाळूजला राहणाऱ्या मुलीने ती बस सोडली तर घरी पोचायला रात्रीचे नऊ. तेव्हापासून आम्ही बैठका भारतीय वेळेला बांधल्या आणि वर्षातून दोनदा पलीकडच्यांनी आपलं कॅलेंडर हलवावं असं ठरवलं. त्यांनी आनंदाने मान्य केलं. कोणी आधी विचारलंच नव्हतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टीम असेल तर फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा, तिथे सोयीची वेळ कोणालाच नाही. मग गैरसोय महिन्याआड वाटून घ्यायची, कायम एकाच्याच माथी मारायची नाही.

बैठकीत जे ठरलं ते त्याच दिवशी, चार ओळींत, सगळ्यांना दिसेल अशा पानावर. काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं. आमचा नियम होता: लिहिलं नाही ते ठरलं नाही. चहाच्या टपरीवर चार शहाण्यांनी ठरवलेली गोष्ट परभणीच्या माणसाला महिन्याने कळते आणि तोवर त्याने तिच्या उलट कोड लिहिलेला असतो.

यापेक्षा अवघड भाग आहे 'हो'चा. प्लॅनिंगच्या शेवटी विश्वासमत घेतात: प्लॅनवर भरवसा किती, ते एका हाताच्या बोटांनी दाखवायचं. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण. आमच्या पहिल्या वेळी सभागृहात आमचे डिलिव्हरी हेड पहिल्या रांगेत बसलेले. आपल्याकडची बोटं सगळी चार नि पाच. पडद्यावर युरोपातल्या टीमची बोटं दोन. पलीकडचे गोंधळले, एकच प्लॅन आणि दोन मतं कशी? आपल्यात वाढलेल्याला यात नवल काय. साहेबासमोर 'होऊन जाईल सर' म्हणायची सवय आपल्याला लहानपणापासून. 'होऊन जाईल' याचा अर्थ 'होईल' असाच नसतो. 'बघतो' म्हणजे बहुतेक नाही. 'करून टाकू' म्हणजे अजून अंदाज घेतलेला नाही. पलीकडच्या माणसाला हे शब्दकोशात सापडत नाही, त्याला 'यस' एवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या वेळेपासून आम्ही तीन बदल केले. मत निनावी, फोनवरून. मतदानाच्या वेळी डिलिव्हरी हेड बाहेर चहाला; ते स्वतःच म्हणाले, 'मी असलो की बोटं वाढतात'. आणि प्रत्येक टीमने आपल्या प्लॅनबरोबर निदान एक धोका मांडायचाच. ज्या टीमला धोका सापडला नाही तिने अजून विचार केलेला नाही असं धरायचं. त्या वेळी सरासरी तीनच्याही खाली गेली. चांगलं झालं. दोन तास बसून आम्ही काम कमी केलं, आणि ती पहिली तिमाही होती जिच्यात कबूल केलेलं जवळपास सगळं गाळपाला गेलं.

घरून काम करणारी तुमची टीम या बाबतीत आणखी नाजूक. ती मुलं हुशार असतात, पण सभागृहात ४० जण आणि पडद्यावर आपण एक चौकोन, असं असलं की तोंड उघडत नाही. आमचा नियम होता की एक जण जरी दूर असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, शेजारी-शेजारी बसलेल्यांनीसुद्धा. आणि टीमच्या आतलं बोलणं बिनधास्त मराठीत होऊ द्या, लिहिणं इंग्रजीत. अडचण माणूस आपल्या भाषेतच खरी सांगतो.

प्रॉडक्ट ओनर, म्हणजे टीमने काय बांधायचं ते ठरवणारा माणूस, त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला खात्री आहे की तुमचं हेही दुखणं असणार. खरा निर्णय घेणारा जर्मनीत आणि चिकलठाण्याला बसलेला प्रॉडक्ट ओनर म्हणजे निरोप्या. टीमने सकाळी दहाला शंका काढली, तो मेल टाकतो, पलीकडे दिवस उगवतो, तिथला माणूस दुसऱ्या बैठकीत, उत्तर उद्या, आणि त्या उत्तरातून नवी शंका. एका स्टोरीत अशा तीन फेऱ्या झाल्या की आठवडा गेला. आम्ही ग्राहकाबरोबर बसून एका पानाचा करार केला: स्क्रीनवरची मांडणी, संदेश, किरकोळ नियम, चुकीच्या नोंदींचं काय करायचं, हे सगळं इथला प्रॉडक्ट ओनर विचारल्याविना ठरवेल. पैसे, कायदा आणि दुसऱ्या प्रणालीशी संबंध असेल तरच पलीकडे. त्याचे काही निर्णय चुकतील हे दोघांनी आधीच मान्य केलं. दोन चुकलेही. पण वाट बघण्यात जाणारे दिवस त्यापेक्षा कितीतरी महाग होते. आणि त्याला पहिल्याच महिन्यात दोन आठवडे तिकडे पाठवा, ग्राहकाच्या गोदामात उभा राहू द्या. विमानाचं तिकीट वाचवणारे लोक पुढे सहा महिन्यांचे गैरसमज विकत घेतात.

कोणतं काम आधी, यासाठी सेफमध्ये एक भागाकार आहे: उशीर झाला तर होणारं नुकसान भागिले कामाचा आकार. नाव लांबलचक आहे, पण उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. जळीत ऊस आधी तोडतात, मग नोंद कोणाचीही आधी असो. आकड्यांच्या दशांशांवर भांडत बसू नका, जळतंय काय ते विचारा.

फ्रेमवर्कची निवड हा लोकांचा आवडता वाद, मी तो उरकून टाकतो. सेफ डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये आणलं. त्याची एक 'ट्रेन', म्हणजे एकत्र प्लॅन करणाऱ्या टीमांचा संच, ५० ते १२५ माणसांची आणि प्लॅनिंगचा पल्ला ८ ते १२ आठवड्यांचा, म्हणजे तुमचे ८४ जण बरोबर बसतात. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांचं 'लेस' हे फ्रेमवर्क एका प्रॉडक्ट ओनरखाली आठ टीमांपर्यंत, त्यापुढे लेस ह्यूज. मला मनापासून आवडतं, कारण ते घटकांच्या टीम मोडून फीचरच्या टीम करायला भाग पाडतं, पण त्यासाठी संस्थेची उतरंड हलवावी लागते आणि ती ताकद टेक लीडच्या हातात नसते. केन श्वाबर यांचं नेक्सस तीन ते नऊ टीमांसाठी, जोडणीवर त्याचा भर चांगला. स्पॉटिफाय मॉडेल म्हणून जे २०१२ पासून फिरतंय ते एका कंपनीच्या त्या वेळच्या पद्धतीचं वर्णन होतं, ते फ्रेमवर्क म्हणून उचलू नका. तुमच्या ग्राहकाने सेफ ठरवलंय, तर त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. प्लॅनिंग, सिस्टिम डेमो आणि तिमाहीअखेरचा आढावा एवढं घ्या. रिलीज ट्रेन इंजिनिअर, म्हणजे या ट्रेनचा समन्वयक, असा माणूस निवडा जो फोन उचलून माणसं बोलती करतो, नुसत्या स्लाइड करतो असा नको. बाकीच्या भूमिका आणि पदव्या वर्षभर तरी बाजूला. आमच्याकडे दोन महिन्यांत १९ जणांनी सर्टिफिकेट घेतलं आणि बिल्ड तेव्हाही पावणेदोन तासांचाच होता.

दोन गोष्टी मात्र कोणालाच करू देऊ नका. एक, टीमांच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं (कामाच्या आकाराच्या मापाचं) काम झालं त्याची, तुलना. ज्या दिवशी तो तक्ता वरच्या मजल्यावर गेला, त्या दिवसापासून आमच्याकडे तीन पॉइंटची स्टोरी पाचची झाली. दोन, उशीर होतोय म्हणून दहावी टीम आणणं. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. यार्ड भरलेलं असताना नवी टोळी कोण बोलावतं?

राहिली क्षमता. दहा दिवसांचा स्प्रिंट म्हणजे दहा दिवस काम, हा हिशेब कागदावरचा. प्रत्येक टीमकडून तिमाहीचं खरं कॅलेंडर मागवा, आणि ते मागताना हसू नका. आमच्या एका स्प्रिंटमध्ये तीन दिवस पाच मुली रजेवर होत्या. पलीकडून विचारणा आली की एकाच वेळी पाच जणी आजारी कशा? महालक्ष्म्या होत्या. आवाहन, पूजन, विसर्जन, तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, कोड कुठला लिहिणार. ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीनची काढणी निघते, तेव्हा गावाकडून काम करणारी दोन-तीन मुलं आठवडाभर अर्धी शेतात असतात. मळणीयंत्र मिळेल त्या दिवशी मळणी, तिला स्प्रिंट कळत नाही. तिकडे ऑगस्टमध्ये निम्मं जर्मनी सुट्टीवर आणि नाताळात सगळंच बंद. हे सगळं आधी मांडलं तर प्लॅनमध्ये बसतं. लपवलं की शेवटच्या आठवड्यात फुटतं. तिमाहीच्या शेवटी सेफ जो मोकळा स्प्रिंट ठेवतं तोही राखा. पहिल्यांदा मागे पडलात की सगळ्यांची नजर त्याच्यावरच जाईल. आमचा आम्ही दोनदा खाल्ला, आणि बिल्डचं काम त्यामुळेच अर्ध्या वर्षाने पुढे ढकललं गेलं.

तुमच्या हातात आता जे आठवडे आहेत त्यात एवढंच करा. गेल्या दोन रिलीजमधल्या दहा-बारा स्टोऱ्या काढा आणि प्रत्येकीची तारीखवार वाट लिहा: कोड कधी लिहून झाला, मर्ज कधी झाला, टेस्टरच्या हातात कधी पडला, ग्राहकाकडे कधी गेला. सगळ्यात लांब थांबा कुठे आहे ते बघून तुमचं तुम्हालाच कळेल की गव्हाण कुठली. तो कागद घेऊन ग्राहकाच्या सल्लागाराकडे जा, प्रशिक्षणाच्या आधी.

आणि ती तारीख. १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन, ज्यांची मुलं शाळेत आहेत ते तिथे असणार, आणि गणपती-महालक्ष्म्या या वर्षी कुठे पडतात तेही पंचांगात बघावं लागेल. जर्मनीत हे कोणाला माहीत असायचं कारण नाही. आजच मेल टाका आणि दुसरे चार दिवस मागा, दुपारचे.